तेगवेनला, त्या दोन सह्यांबद्दल

बाला (वेल्स), १४ नोव्हेंबर

तेगवेन,

तुमच्या जुन्या घरमालकिणीने काल तीन पाकिटं आणून दिली. दोन इस्पितळाची, एक विजेच्या बिलाचं. सोबत जोडली आहेत. माझं पत्र न वाचता फाडायचं असेल तर फाड, पण आधी पाकिटं काढून घे.

फोन तू उचलत नाहीस, आता मीही लावत नाही. होलीहेडला सासूकडे, एमलिनच्या आईकडे राहायला गेलात, एवढं पोस्टात कळलं. तिच्या घरात न्हाणीघर खालच्या मजल्यावर आहे, म्हणजे त्याला जिना चढायला नको. बरं झालं.

इथे रोजचंच. सकाळी साडेसहाला गाडी काढायची, कुठल्या तरी शेतावर जायचं, माणसं दोराने झाडावर चढताना खाली उभं राहून बघायची, कागदावर खुणा करायच्या आणि भिजून घरी यायचं. या आठवड्यात नऊ जणांची परीक्षा घेतली. सात पास झाले. त्यातल्या एकाने सही घेता घेता विचारलं, "बाई, हा दाखला दाखवला की मालक रोज वाढवून देईल ना?" पूर्वी मी म्हणायचे, देईल, द्यायलाच पाहिजे, नाहीतर मला सांग. या वेळी म्हटलं, "ते मालकालाच विचार." तो हिरमुसला. मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

खांदा फार दुखतो. वीस वर्षं झाडांवर लोंबकळण्याचं भाडं आता वसूल होतंय, असं डॉक्टर म्हणतो. त्याला विनोद करायला काय जातं.

सात महिने झाले. इस्पितळात, एमलिनचा पाय गुडघ्याखाली कापल्याच्या दुसऱ्या दिवशी, तू मला विचारलंस, "तू माझी बहीण आहेस की मालकाची, त्या प्यूची?" मी उत्तर दिलं नाही, आणि तेव्हापासून तू बोलत नाहीस. पण कामगार सुरक्षेच्या निरीक्षकबाईंनी मला एकच गोष्ट विचारली होती. एमलिन आणि त्याच्या जोडीला खाली उभा असलेला ब्लेदिन यांची परीक्षा तुम्ही घेतली का, आणि ते पास झाले का. दोघांच्याही दाखल्यांवर माझी सही आहे. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

एमलिनला विचारलंय म्हणून सांग.

नेस्ता


बाला, ९ डिसेंबर

तेगवेन,

तुझ्या वकिलांचं पत्र मिळालं. त्यांना माझी परीक्षेची मूळ नोंदवही हवी आहे. शोधते आहे.

प्यूच्या विमा कंपनीने काय म्हटलंय तेही त्यांनी कळवलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. एमलिन शिकलेला, दाखला असलेला माणूस होता. रोगाने वाळलेल्या अ‍ॅशच्या झाडावर चढायचं नसतं, तिथे माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी गाडी मागवायची असते, हे त्याला माहीत होतं. तरी तो स्वतःच्या मर्जीने चढला. आणि मालकाने नियमाप्रमाणे खाली सुटकेचा, म्हणजे वर अडकलेल्याला उतरवण्याचा, दाखला असलेला माणूस उभा केला होता, म्हणजे मालकाची चूक नाही. म्हणून चौथा हिस्सा भरपाई, उपकार म्हणून.

मर्जीने! पाळण्याच्या गाडीचं दिवसाचं भाडं गार्मन प्यू कधी देत नव्हता, हे बालातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. एमलिनने तेव्हा मला सांगितलं होतं, दाखला आल्यावर दिवसाचे एकशेदहाचे एकशेसाठ पौंड होणार. तुला आठवत असेल, तुम्ही मुलीसाठी वेगळी खोली असलेलं घर बघायला गेला होतात. मग दाखला आला आणि प्यूने रोजच बंद केला. झाडामागे पैसे. जितकी अ‍ॅश पाडाल तितके. "शिकलेली माणसं आहात आता, हात चालवा," म्हणाला. सरकारी रस्त्याकडेची चारशे मेलेली झाडं, आणि वसंत यायच्या आत संपवायची. गाडीची वाट बघत बसला की त्या दिवशीची कमाई गेली. मर्जी म्हणे.

हे सगळं मी निरीक्षकबाईंना सांगायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. मला दमल्यासारखं झालं होतं. आता हे कारण वाचताना मलाच पुरेसं वाटत नाही.

नोंदवही सापडली की वकिलांना पाठवते.

नेस्ता


बाला, २१ जानेवारी

तेगवेन,

आज ब्लेदिन भेटला. एमलिनच्या झाडाखाली त्या दिवशी उभा होता तो. शेतीसामानाच्या दुकानात मी दोराचं वेटोळं घेऊन रांगेत उभी होते, तो मागून येऊन उभा राहिला. मी आधी ओळखलं नाही. एक्कावन्न वर्षांचा माणूस सत्तरीचा दिसायला लागलाय. मेंढ्यांची लोकर कातरायचा तेव्हा दिवसाला दोनशे मेंढ्या आडव्या करायचा, आठवतं? आता कोंबड्यांच्या कारखान्यात पेट्या उचलतो.

मी म्हटलं, "कसा आहेस, ब्लेदिन?"

"तुला कसा वाटतो?"

"चल, चहा घेऊ."

"चहा नको." मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "लोक म्हणतात मी घाबरलो. माझी बायको पण म्हणते, घाबरलास तर घाबरलास, कुणालाही भीती वाटेल. नेस्ता, मी घाबरलो नव्हतो. दोर माझ्या हातात होता. एमलिन फांदीत पाय चिरडून वर अडकला होता, ओरडून सांगत होता, ब्लेदिन, तो दुसरा दोर टाक, पट्ट्याला अडकव, ये वर. मला कळतच नव्हतं कुठला दुसरा, कुठे अडकवायचा. बावन्न मिनिटं मी खाली उभा राहून त्याच्याशी बोलत होतो. आग विझवणाऱ्यांची गाडी येईपर्यंत. मेंढ्यांबद्दल बोललो. दुसरं काही सुचेना."

रांग पुढे सरकली, मी एक पाऊल टाकलं.

"तू मला शिकवलं असतंस तर मी गेलो असतो," तो म्हणाला. "तू मला वर पाठवलंच नाहीस."

दुकानातली मुलगी म्हणाली, "पुढे कोण आहे?" मी दोर काउंटरवर ठेवला आणि बाहेर आले.

आज एवढंच.

नेस्ता


बाला, २२ जानेवारी

तेगवेन,

रात्री झोप आली नाही, पण ते महत्त्वाचं नाही. काल लिहायचं ठेवलं ते लिहिते.

मी एमलिनची सुटकेची परीक्षा घेतली नाही. ब्लेदिनचीही नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. प्यूने एका दिवसात चार माणसं पाठवली होती. एका दिवसात चार होत नाहीत. नीट करायचं तर दोन, फार तर तीन. मला ते सकाळीच दिसत होतं. मी चौघांनाही चढताना पाहिलं, करवत चालवताना पाहिलं. मग शेवटचा भाग. झाडावर ऐंशी किलोचा पुतळा टांगायचा, आणि तो जखमी माणूस आहे असं समजून एकेकाने वर जाऊन त्याला सुखरूप खाली आणायचं. पहिल्या दोघांचं होईपर्यंत साडेतीन वाजले. बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला आणि अंधारून आलं. उरले एमलिन आणि ब्लेदिन.

प्यूचा फोन आला. "सोमवारी रस्त्याचं काम सुरू होतंय. चारही दाखले हवेत. एक कमी असला तर चौघांनाही घरी बसवीन आणि चेस्टरहून टोळी आणीन."

मी म्हटलं, दोघांना परवा पुन्हा पाठव. तो म्हणाला, परवाचा रोज कोण देणार, तू?

एमलिन माझ्या गाडीला टेकून उभा होता. हसत म्हणाला, "नेस्ता, तू मला ओळखतेस. पंधरा वर्षं चढतोय. कर ना सही, घरी जाऊ. तेगवेनने मटण आणि लीकच्या पातीचं सूप ठेवलंय." ब्लेदिन फक्त माझ्याकडे बघत होता. मी त्याला गाडीपाशीच चार प्रश्न विचारले. त्याने चारही उत्तरं बरोबर दिली, पुस्तकात होती तशी. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी दोन सह्या केल्या. 'परीक्षकाच्या समक्ष पूर्ण केले' या वाक्याखाली.

मग तुझ्याकडे येऊन मी सूप प्यायले. तू मला दुसऱ्यांदा वाढलंस.

मला माणसामागे पैसे मिळतात, हेही सांगते. चार माणसांचे चार. आणि वर्षाच्या माझ्या कामातला तिसरा हिस्सा प्यूचा होता. त्या संध्याकाळी मी हा हिशोब मनात केला नाही, पण तो केलेला नव्हता असंही म्हणता येत नाही.

नोंदवही हरवली नव्हती. टेबलाच्या खणातच आहे. त्या तारखेला दोन ओळी कोऱ्या आहेत. 'मी परीक्षा घेतली' असं सांगून मी खोटं बोलले, तेगवेन, आणि त्या खोट्यावर विमा कंपनी उभी आहे. मी निरीक्षकबाईंकडे जाणार आहे. कधी, ते लिहीत नाही. आधीही माझं 'उद्या' असं ठरवून झालंय.

नेस्ता


बाला, १२ मार्च

तेगवेन,

गेल्या सोमवारी गेले. नोंदवही दिली, जबाब बदलला, सही केली. निरीक्षकबाई बराच वेळ टाइप करत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे वर्षापूर्वी सांगितलं असतंत तर." वाक्य पूर्ण केलं नाही.

तुझ्या वकिलांना प्रत पोचली असेल, म्हणजे तुलाही सगळं कळलं असेल. माझं जानेवारीचं पत्र तू वाचलंस की नाही ते मला माहीत नाही.

बुधवारी प्यूचा फोन आला.

"काय मिळवलंस, नेस्ता?"

"काही नाही."

"मी तुला सह्या करायला सांगितल्या नव्हत्या. चार माणसं पाठवली, चार दाखले आले. मला कसं कळणार?"

"एका दिवसात चार होत नाहीत हे तुला माहीत होतं, गार्मन."

"मला झाडं पाडणं माहीत आहे. परीक्षा तुझं खातं."

"आणि झाडामागे पैसे देणं? गाडीचं भाडं वाचवणं? ते कोणाचं खातं?"

तो म्हणाला, "तू या खोऱ्यात पुन्हा काम करशील असं वाटत नाही," आणि फोन ठेवला. धमकी होती की नुसती माहिती, कळलं नाही. दोन्ही खरंच आहे.

शुक्रवारी एमलिनचा फोन आला. तुला न सांगता केला होता, म्हणून मीही सांगणार नव्हते. पण लपवून लपवून मी आता थकले.

तो म्हणाला, "का सांगितलंस गं?"

मी म्हटलं, "तूच का नाही सांगितलंस? तुला माहीत होतं. तुझी भरपाई चौथ्या हिश्श्यावर आली तरी तू गप्प."

"सही कर असं मीच म्हटलं होतं ना तुला. मी काय तोंडाने सांगणार?" मागे बंदरातल्या बोटीचा भोंगा ऐकू आला. "आणि तेगवेनला एकच बहीण आहे. पाय गेलाच होता. आणखी काय काय घालवायचं?"

मी नाक पुसलं, ते त्याला ऐकू गेलं. तो म्हणाला, "रडू नकोस, फोनचे पैसे माझे जातात."

तू माझी पत्रं वाचतेस का, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "कपाटात ठेवते. फाडत नाही." माझ्यासाठी ते खूप होतं.

तो गप्प राहिला म्हणून त्याच्यावर चिडू नकोस. म्हणजे चिडशीलच. पण थोडी माझ्यावर चिड, माझ्या वाट्याची.

नेस्ता


बाला, ५ जून

तेगवेन,

तुझी चिठ्ठी मिळाली. चारच ओळी, पण अक्षर तुझं. 'सगळी पत्रं एकदम वाचली. रविवारी १८ तारखेला ये. एमलिनला तुझ्याशी बोलायचं आहे. मी कामावर असेन.' येते.

वकिलांनी कळवलं की विमा कंपनीने जुना मुद्दा सोडला आणि पाऊण भरपाई कबूल केली. पूर्ण का नाही, तर एमलिननेही न दिलेल्या परीक्षेचा दाखला घेतला म्हणून. मला ते अन्यायाचं वाटतं, पण माझ्या मताला आता किंमत नाही. प्यूवर खटला उभा राहतोय. मला साक्ष द्यावी लागेल. देईन.

परीक्षा मंडळाने माझा परीक्षकाचा परवाना रद्द केला. त्याचं मला वाईट वाटलं नाही, असं लिहिणार होते. वाटलं. पण खरं वाईट पुढचं आहे. मी गेल्या तीन वर्षांत सही केलेले सगळे दाखले मंडळाने तात्पुरते थांबवले. सहाशे माणसं, तेगवेन. त्या दोघांखेरीज सगळ्यांची परीक्षा मी नीट घेतली होती. पण हे आता कोण मानणार, आणि का मानावं? प्रत्येकाने पुन्हा परीक्षा द्यायची, तोवर झाडावर चढायचं नाही, म्हणजे खाली फांद्या ओढायच्या रोजावर काम करायचं. कॉर्वेन गावच्या एकाने फोनवर मला जे काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. त्याला नुकतंच मूल झालंय. मी त्याला मध्येच तोडलं नाही. बोलून झाल्यावर तो म्हणाला, "काहीतरी म्हण तरी." मी म्हटलं, "तुझं बरोबर आहे."

मीही सध्या फांद्याच ओढते. कॉर्वेनच्या पलीकडे एक नवराबायको छोटा धंदा करतात, त्यांच्याकडे. फांद्यांचा चुरा करणाऱ्या यंत्रात दिवसभर घालत राहायचं. बाई हिशेबाला पक्की आहे. चढणाऱ्याला इतके, खालच्याला इतके, पाऊस पडून काम थांबलं तरी अर्धा रोज, असं तिने पहिल्याच दिवशी लिहून दिलं. मी म्हटलं, असं सगळीकडे असतं तर. ती म्हणाली, "असं सगळीकडे असतं तर आम्हाला कामं मिळाली असती. आमचा भाव नेहमी सगळ्यांत जास्त निघतो." मग आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीने निघते.

नेस्ता


बाला, १९ जून

तेगवेन,

काल तू लवकर आलीस. बोटीच्या धक्क्यावरच्या उपाहारगृहात तुझी ड्यूटी पाचपर्यंत होती, आणि तीनलाच दारात उभी. मी तुझ्या कपाने चहा पीत होते. मला उठावं की बसावं, कळेना.

तोवर एमलिनशी बोलून झालं होतं. नवा पाय त्याने मला काढून दाखवला, पुन्हा घालून दाखवला, आणि त्याची आई म्हणाली की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो असंच छळतो. त्याला माझ्याशी काय बोलायचं होतं ते तुला त्याने सांगितलंच असेल. कॉलेजात झाड चढायला शिकवणारा वर्ग आहे, तिथे त्याला बोलावलंय. चढून दाखवायला नाही, सांगायला. आपल्यावर काय ओढवलं ते सांगताना माझं नाव घ्यावं का, हे त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, घे. माझं आणि तुझंही घे.

मग तू आलीस. कोट काढला नाहीस. मला वाटलं शिव्या देशील. मी त्याची तयारी करून आले होते. पण तू एकच विचारलंस, "ब्लेदिनला येत असतं, तर किती वेळ लागला असता?"

मी म्हटलं, "तसं सांगता येत नाही. झाडावर अवलंबून असतं." तू मान हलवलीस आणि कपडे बदलायला आत गेलीस. मी माझी गाडी पकडली.

मला सांगता येत होतं, तेगवेन. मी पुन्हा तेच केलं. म्हणून आज कामावरून आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता हे लिहिते आहे.

मी जबाब दिल्यानंतरच्या आठवड्यात ब्लेदिन माझ्या दारात आला होता. म्हणाला, "आता शिकव." मी म्हटलं, माझ्याकडे परवाना राहणार नाही, मी दाखला देऊ शकत नाही. तो म्हणाला, "दाखला कोण मागतंय? तो एकदा घेऊन बसलोय." हे कुणाला सांगायचं नाही, अशी त्याची अट होती. काल रात्री फोन करून मी ती अट सोडवून घेतली.

एप्रिलअखेरपासून आम्ही दर शनिवारी माझ्या मागच्या वावरातल्या सिकमोरच्या झाडावर जायचो. पहिल्या शनिवारी तो अर्ध्यापर्यंत चढला आणि खाली उतरला. दुसऱ्या शनिवारी पोचला, पण पुतळा सोडवता येईना. मी खालून सांगत होते, तो वरून मला शिव्या देत होता. तिसऱ्या शनिवारी पुतळा खाली आला, डोक्यावर. चौथ्या शनिवारी नीट आला, पण संथ. मग पाचव्या शनिवारी, मेच्या वीस तारखेला, मी पुतळा एमलिन होता तितक्याच उंचीवर टांगला, नऊ मीटर, आणि त्याचा डावा पाय फांदी आणि खोडाच्या मध्ये पट्ट्याने आवळला. ब्लेदिनने वर बघितलं. मी काय केलंय ते त्याला कळलं. पट्टा कमरेला बांधला, दुसरा दोर घेतला, आणि गेला.

मी घड्याळ लावलं होतं.

खाली आल्यावर त्याने पुतळ्याला गवतावर सावकाश आडवं केलं, त्याचं शिरस्त्राण सरळ केलं, आणि शेजारी बसला. श्वास लागला होता. म्हणाला, "किती?"

मी सांगितलं.

बराच वेळ तो गवत उपटत राहिला. मग म्हणाला, "पाच शनिवार, नेस्ता. एवढंच लागत होतं?"

पाय वाचला असता का, हे मला ठाऊक नाही. डॉक्टरांनीही ते कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी सांगितल्याचं मी भासवणार नाही. पण तू विचारलंस ते मला ठाऊक आहे.

चौदा मिनिटं.

नेस्ता